आवर्तन पाहून सायकल काढावी

फ्रान्समध्ये तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकडे जाणारा ‘कनाल द्यू मिदी’ नावाचा २४० किलोमीटरचा कालवा आहे. १६८१ मध्ये तो सुरू झाला. काठावरून घोडे चालायचे आणि दोर लावून मालाच्या नावा ओढायचे. घोडे गेले, त्यांची वाट राहिली, आणि आता त्या वाटेवरून द्राक्षमळे बघत सायकलवाले जातात. असे व्हिडिओ पाहिले की सोलापूरच्या माणसाला हटकून वाटतं, यातलं आपल्याकडे नाही काय? उजनीचे कालवे आहेत, नीरेचा उजवा कालवा आहे, नान्नज-कासेगावच्या बागा आहेत, आणि माळशिरस तालुक्यात नाव कमावलेली वायनरीसुद्धा आहे.

सगळं आहे. फक्त एक फरक ध्यानात ठेवून घराबाहेर पडायचं. तिकडचा कालवा नावांसाठी खणला, म्हणून त्याच्या काठाला चालायची वाट पहिल्यापासून होती. आपला कालवा शेताला पाणी द्यायला खणला. त्याच्या भरावावरची वाट पाटकऱ्याला दारं उघडायला-मिटायला आणि साहेबाच्या जीपला गळती बघायला जाता यावं एवढ्यासाठी आहे. ती कुठे मुरमाची आहे, कुठे काळ्या मातीची, कुठे वेड्या बाभळीनं गिळलेली. तेव्हा नकाशा नंतर उघडा. आधी चार वेळापत्रकं बघा: कालव्याचं आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी), द्राक्षाची छाटणी-तोडणी, उसाचा गाळप हंगाम आणि पंढरपूरच्या वाऱ्या. ही जुळली तर पाच दिवसांची अशी सहल महाराष्ट्रात दुसरीकडे मिळणं अवघड. नाशिकला वायनरी जास्त आहेत, पण तिथे चढ-उतार जास्त आणि शनिवार-रविवारी मोटारींची गर्दीही. सोलापूरचा माळ सपाट आहे, आणि आडरस्त्यांवर अजून रस्ता विचारायला माणूस थांबतो.

केव्हा निघावं

दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांनी हंगाम सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला तो संपला असं धरा. मार्चमध्ये सकाळी नऊलाच ऊन अंगावर येतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली बरी. पावसाळ्यात काळी माती चाकाला असा लगदा धरते की मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट जात नाही. शंभर पावलांवर सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

या तीन महिन्यांतही बाग रोज वेगळी दिसते. इथे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिला शेतकरी गोडी छाटणी म्हणतात. नोव्हेंबरात गेलात तर मांडवावर कोवळी पोपटी पानं आणि सकाळ-संध्याकाळ फवारणीचे ट्रॅक्टर. डिसेंबरात घड लटकलेले, पण मणी आंबट. खायची द्राक्षं जानेवारीच्या मध्यापासून उतरू लागतात, वाइनची बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि बेदाण्याची शेडं भरायला लागतात तीही फेब्रुवारीतच. एकच आठवडा निवडायचा असेल तर मी फेब्रुवारीचा पहिला निवडेन.

पण थांबा, त्या आठवड्यात माघी एकादशी येत नाही ना, ते पंचांगात बघा. माघीला पंढरपुरात खोली मिळणार नाही आणि शहरात शिरणारे सगळे रस्ते माणसांनी भरलेले असतील. कार्तिकीचंही तेच. संक्रांतीच्या आसपास सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक बघायची असेल तर ते दिवस मुद्दाम धरा, शांतपणे निघायचं असेल तर टाळा.

आता पाणी. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर, साठा शंभर टक्के भरला की ११७ टीएमसी. यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे कालव्याच्या दारांच्या खाली राहणारा. म्हणून सोलापूर जिल्ह्यात लोक धरणाबद्दल ‘प्लसमध्ये आलं का’ असं विचारतात. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरली. अशा वर्षी कालव्याकाठची सहल ठेवू नका. कालवा कोरडा असतो हे एक कारण. दुसरं म्हणजे ज्याच्या उसाचा पाला वाळतोय त्याच्या बांधावरून हेल्मेट घालून मजेत जाणं बरं दिसत नाही.

पाणी कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या दैनिकांत छापून येतं. रब्बीची आवर्तनं साधारण हिवाळ्यातच असतात. आवर्तन चालू असताना कालवा बघण्यासारखा होतो. पाणी काठोकाठ, हवा गार, बगळे-वेडेराघू तारांवर. पण त्याच वेळी भरावाला पाझर फुटलेले असतात, आणि चाऱ्यांच्या तोंडाशी चिखल असतो. आवर्तन सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की शेतकऱ्यांची धावपळ जरा ओसरते. तो काळ सायकलवाल्याला सर्वांत सोयीचा.

कुठून कुठे

दिशा ठरवताना दोन गोष्टी बघितल्या. थंडीत इथला वारा बहुतेक पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो, म्हणून सोलापूरहून पश्चिमेला जाताना तो पाठीशी राहतो. उलटं केलंत तर सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखे पाय दुखतील. दुसरं, पंढरपूर आधी आणि वायनरी नंतर. पिशवीत बाटल्या घेऊन भक्तनिवासात उतरायचं आणि पहाटे पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं, हे इथल्या कुणालाच रुचणार नाही. क्रम बदलला की प्रश्नच उरत नाही.

पहिला दिवस चाचणीचा ठेवा. तुळजापूर रस्त्यानं शहराबाहेर पडलं की एकरूख तलाव लागतो. गावात त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. आदिला नदीवरचं हे मातीचं धरण १८७१ सालचं, म्हणजे सोलापूरच्या जुन्या गिरणीहूनही थोरलं. पाऊस बरा झालेल्या वर्षी इथे हिवाळ्यात परदेशी पाहुणे पक्षी उतरतात. इथून आडरस्त्यानं विचारत विचारत बार्शी रस्त्याला निघायचं आणि नान्नज गाठायचं. सोलापूर ते नान्नज सरळ रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटर. तलाव धरून गोल फेरी केली तर पन्नासच्या आसपास होतात. नान्नज हे द्राक्षवाल्यांचं गाव. ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ या वाणांमागे जे नानासाहेब काळे, ते इथलेच. आज महाराष्ट्राच्या बाजारात लांबट मण्यांची जी द्राक्षं दिसतात, त्यांतल्या कित्येकांचं कुळ या गावाशी जोडलेलं आहे. गावालगतचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, आता तो दिसणं दुर्मीळ. काळवीट मात्र दिसतात. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून सायकल घालायची नाही, आणि गवताळ माळ मोकळा दिसतो म्हणून वाट सोडून तर अजिबात नाही. रात्री सोलापुरात परत आलात की सीट, ब्रेक, पिशवीचे पट्टे, काय कुरकुरतंय ते कळलेलं असतं.

दुसरा दिवस मंगळवेढ्यामार्गे पंढरपूर, ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मोहोळमार्गे अंतर थोडं कमी पडेल, पण तो पुणे-हैदराबाद महामार्ग आहे, ट्रकच्या वाऱ्यानं सायकल हलते. मंगळवेढ्याच्या वाटेला ज्वारीचा काळाभोर पट्टा लागतो. या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. डिसेंबर-जानेवारीत हुरडा असतो. शेतावर कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका, पण पुढे वीस-पंचवीस किलोमीटर राहिलेत हे लक्षात ठेवून पहिल्या वाढीला थांबा.

तिसरा दिवस पंढरपूर ते अकलूज, वेळापूरमार्गे पंचेचाळीस-पन्नास. हा मुद्दाम छोटा ठेवलाय, कारण खरं कालव्याकाठचं चालवणं याच दिवसात आहे. सकाळी वाखरीमार्गे निघा. आळंदीहून येणारा पालखी मार्ग आता चौपदरी झालाय. जिथे वारकऱ्यांसाठी कडेला वेगळी वाट केली आहे तिथे ती मोकळी असेल तर सायकल तिच्यावरून न्या, चालणारा दिसला की उतरा. वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, तिथल्या गारव्यात दुपार काढावी. या भागात नीरेचा उजवा कालवा खेळलेला आहे. याचं पाणी भोर तालुक्यातल्या भाटघरच्या आणि खालच्या वीर धरणाचं. भाटघर १९२० च्या दशकाच्या अखेरीस बांधून झालं. कालवा आला तसा माळशिरसच्या माळावर ऊस आला, आणि १९३० च्या दशकात सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ स्वतःचा साखर कारखाना उभा केला. त्या वस्तीचं नाव माळीनगर. मैलभर अंतरात एका हाताला कोरडा माळ आणि दुसऱ्या हाताला हिरवंगार हे इथे सायकलवरून जसं दिसतं तसं मोटारीतून दिसत नाही. पाटाची पातळी जिथवर, तिथवर हिरवं. वर गेलात की बाभळी.

चौथ्या दिवशी वायनरी, मुक्काम तिथे किंवा अकलूजला. पाचव्या दिवशी अकलूजहून नीरा-भीमेचा संगम, टेंभुर्णी, जमलं तर भीमानगरला उजनीचा बांध, आणि कुर्डुवाडीला रेल्वे. संगमाला पलीकडच्या काठावर नीरा नरसिंहपूरचं देऊळ आहे. एक दिवस कमी असेल तर पहिला दिवस गाळा.

कालव्याच्या भरावावर

दिवसभर कालवा धरून जायचा मोह धरू नका. एक तर तो कंटाळवाणा होतो, कारण कालवा समपातळी सोडत नाही, प्रत्येक टेकाडाला वळसा घालतो, आणि दहा किलोमीटर चालवून तुम्ही सरळ रेषेत पाच पुढे गेलेले असता. दुसरं म्हणजे सलग रस्ता कुठेच नाही. दहा-बारा किलोमीटरचा तुकडा घ्या, गावरस्त्याच्या पुलाशी चढा, पुढच्या पुलाशी उतरा. चढण्याआधी पुलावर बसलेल्याला विचारा: “पुढच्या पुलापर्यंत मोटारसायकल जाते का?” मोटारसायकल जात असेल तर सायकल जाते. “रस्ता चांगला आहे का?” असं विचारलंत तर उत्तर नेहमी “एक नंबर” असंच येईल.

भरावावरून जाताना नजर दहा पावलं पुढे हवी. शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप रस्त्यावरून आडवे गेलेले असतात. काहींवर माती ओढून उंचवटा केलेला, काही तसेच. पाइपावर चाक तिरकं घालू नका, काटकोनात घाला, आणि पाइप प्लॅस्टिकचा उघडा असेल तर उतरून सायकल उचलून न्या. तो फुटला तर भांडण तुमच्याशीच होणार, आणि ते रास्तही असेल. खचलेली भर दिसली, किंवा भरावाच्या बाहेरच्या अंगाला ओल आणि हिरवं गवत दिसलं, तर मधोमध चालवा, काठाला नको. मातीचा भराव केव्हा दगा देईल सांगता येत नाही. २०२३ च्या जानेवारीत मोहोळ तालुक्यात पाटकूलजवळ उजनीचा डावा कालवा फुटला आणि उभी पिकं पाण्याखाली गेली. मोठी गळती दिसली तर जवळच्या वस्तीवर सांगून पुढे जा.

पाण्यात उतरू नका. हे दोनदा लिहायला हरकत नाही: पाण्यात उतरू नका. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू उतरती आणि गुळगुळीत असते, तिच्यावर शेवाळ असतं, आणि वरून संथ दिसणारं पाणी आत ओढतं. पट्टीचे पोहणारेही बाहेर निघायला धरायला काही न मिळाल्यानं बुडालेले आहेत. हातपाय धुवायला, बाटली भरायला, फोटोसाठी, कशालाही नको. धुवायचं असेल तर शेतात जाणारी चारी आहे, गुडघ्याएवढ्या पाण्याची. कुणी पडलंच तर मागे उडी टाकू नका. सायकलची जास्तीची ट्यूब, सामानाचा पट्टा, ओढणी, जे असेल ते फेका आणि आरडाओरडा करा. उसात माणूस असतोच.

सूर्य मावळायच्या आत डांबरी रस्ता आणि त्यानंतर अर्ध्या तासात मुक्काम, हा नियम मोडू नका. भरावाच्या उबेला संध्याकाळी घोणस येऊन बसते. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर ही आता नुसती गप्पांतली गोष्ट राहिलेली नाही. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात माणसं मारणाऱ्या बिबट्याला गोळी घालावी लागली. पण खरं सांगायचं तर बिबट्यापेक्षा मला गाळप हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरची भीती जास्त वाटते. दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली टिपरं, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि पुढे मोठ्या आवाजात गाणं. ड्रायव्हरला घंटी ऐकू येत नाही. त्याला ओलांडू नका, त्याच्या मागे धुरळा खात राहा नाही तर थांबून चहा घ्या. बैलांची टायरगाडी असेल तर मात्र ओलांडायच्या आधी आवाज द्या, नाही तर बैल बुजतात.

पुलाखाली किंवा झाडाला आग्या मोहोळ लटकलेलं असतं. तिथे अत्तर-सेंट मारून, धूर करून किंवा मोठ्यानं हसत थांबू नका. शांतपणे निघून जा.

सराटे

सोलापूर जिल्ह्यात सायकलचा खरा शत्रू म्हणजे सराटा. बांधाच्या कडेला जमिनीलगत पसरणारं पिवळ्या फुलाचं हे झुडूप हिवाळ्यात वाळतं आणि त्याची फळं फुटून विखुरतात. फळाचा तुकडा हरभऱ्याएवढा, पण काटे असे बसवलेले की कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. त्याच्या जोडीला वेड्या बाभळीचे काटे, कुंपण छाटलं की रस्त्यावर आलेले. म्हणून भरावावर चढणार असाल तर टायर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद घ्या, आणि ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या. हा द्रव भोक पडल्या पडल्या आतून बुजवतो. सीलंट मिळालं नाही तर टायर आणि ट्यूबमध्ये घालायची प्लॅस्टिकची पट्टी मिळते. साधी काळी अ‍ॅटलास चालवणारे जुनी फाटकी ट्यूब कापून आत अंथरतात, तेही चालतं. वजन वाढतं, कुरकुर करू नका.

तरी पंक्चर होणारच. तेव्हा घाई करू नका. आधी चाक फिरवून बाहेरून काटे बघा, दिसतील ते सगळे मोजून ठेवा पण उपटू नका. टायर एका बाजूनं रिमबाहेर काढा, ट्यूब ओढून घ्या, थोडी हवा भरा आणि चारीच्या पाण्यात इंच इंच बुडवत न्या. बुडबुडा एकाच ठिकाणी आला म्हणून थांबू नका. सराट्याच्या पट्ट्यातून आलेल्या ट्यूबला क्वचितच एक भोक असतं. भोकांवर बॉलपेननं फुली मारा, ट्यूब कोरडी करा, पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशन लावा आणि ते पूर्ण वाळेपर्यंत थांबा. पॅच निघण्याचं कारण बहुतेक वेळा इथली घाई असते. आता टायर. बोट आतून फिरवू नका, काटा बोटात जाईल. फडक्याचा बोळा फिरवा; जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. मोडलेलं टोक बाहेरून दिसत नाही, ते आतून चिमट्यानं ओढायचं. भुवयांचा चिमटा सर्वांत उत्तम, घरातून विचारून आणा. आणि टायर चढवण्यापूर्वी ट्यूब एकदा पुन्हा बुडवा.

सोबत दोन जादा ट्यूबा, पंप, पॅचची डबी, दोन लिव्हर, साखळीचा जोड. गिअरची सायकल असेल तर मागच्या गिअरचा हँगर घ्या. तो मोडला तर गावातल्या दुकानात मिळणार नाही. साध्या सायकलचं बाकी सगळं कुठल्याही बाजाराच्या गावात दुरुस्त होतं.

बागेत आणि वायनरीत

बागेच्या कडेनं जाताना फवारणी चालू दिसली की वाऱ्याची दिशा बघा आणि पंप बंद होईपर्यंत लांब थांबा. घड तोडून तोंडात टाकू नका. पहिलं कारण, ती चोरी आहे. दुसरं, शेवटची फवारणी कधी झाली हे तुम्हाला ठाऊक नाही. विकत मागा. मालक बागेत असला तर बहुधा पैसे घेणार नाही, पण मागून घेतलेल्या घडाची गोष्ट वेगळी. आत शिरायचं तर विचारून, आणि पाठीवरची पिशवी बाहेर ठेवून. मांडवाखाली वाकून चालताना तिचा पट्टा घडाला अडकतो आणि मण्यांवरची लव पुसली जाते. निर्यातीच्या मालाला असा एक हातही महागात पडतो.

पंढरपूर तालुक्यातल्या कासेगावकडे बेदाण्याची शेडं बघायला अर्धा दिवस काढा. दुसऱ्या दिवशी लवकर निघालात तर दुपारनंतर जमतं. लोखंडी खांबांवर जाळ्यांचे एकावर एक मजले, वर आणि बाजूंनी हिरवं नेट. घड द्रावणात बुडवून जाळीवर पसरतात. त्या द्रावणानं मण्यावरचा मेणचट थर सैलावतो आणि पाणी लवकर उडतं. पंधरवड्यात चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. पिवळा रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, त्या वासानं ठसका लागतो, दमेकऱ्यांनी धुरीच्या वेळी आत जाऊ नये. शेडवरच अर्धा किलो घ्या. सायकलवर खायला इतकं सोयीचं, खिशात मावणारं आणि उन्हात न बिघडणारं दुसरं काही नाही. दर अर्ध्या तासाला मूठभर.

वाइनसाठी जायचं ते माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीकडे. तिथल्या ‘फ्रातेल्ली’ वायनरीची सुरुवात २००७ च्या सुमारास झाली. दिल्लीचे सेखरी बंधू, इटलीचे सेच्ची बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू असा हा तीन घरांचा मेळ. वेलींची रोपं युरोपातून आणली, वाइन करणारे पिएरो मासी इटलीचे. इथल्या बागेत पाऊल ठेवलं की नान्नजच्या मांडवाशी फरक चटकन दिसतो: वेली कमरेएवढ्या उंचीच्या, सरळ तारांवर भिंतीसारख्या बांधलेल्या, आणि मणी लहान, सालीचे, बियांचे. खायच्या द्राक्षाची सवय असलेला माणूस तोंड वाकडं करतो. वाइनला साल आणि बीच हवी.

फोनवर आगाऊ नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका. दारात उभं राहून कुणी आत घेत नाही. मुक्कामाची सोय बागेतच आहे, ती खिशाला जड वाटली तर अकलूजला लॉज आहेत. पण मग चाखायचं सकाळी आणि दुपारचं जेवण करून, दोन-तीन तास बसून, उन्हं उतरल्यावर निघायचं. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना विक्रीच्या ठिकाणी मिळतो. चाखताना पाच-सहा प्रकार पुढे येतात. घोट तोंडात फिरवून ठेवलेल्या भांड्यात टाकून देणं हे तिथे वावगं समजत नाहीत, उलट जाणकार तसंच करतात. वाइनमध्ये बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं, आणि दिवसभर घाम गाळलेल्या अंगात ते दुप्पट चढतं. आधी अर्धा लिटर पाणी प्या, भाकरीचा तुकडा खा. पहिल्यांदाच पिणाऱ्यानं शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करावी. सांजोव्हेझे आणि काबरने या लाल वाइनचा तुरटपणा एकदम झेपत नाही. मला स्वतःला विचाराल तर या सहलीत मला वाइनपेक्षा बागेत मिळालेला घड जास्त आवडतो, पण चाखणं चुकवू नये.

बाटल्या दोनच घ्या. भरलेली बाटली सव्वा-दीड किलोची भरते, आणि दोन पिशव्यांत एक-एक अशी टाकली की तोल राहतो. गुंडाळायला सोलापूरचा टॉवेल आहेच, तोच रोज अंग पुसायलाही चालतो. वरच्या कप्प्यात उन्हात नको. वाइन तापली की गेली. बिल जपून ठेवा.

पोटाचं आणि परतीचं

न्याहारीसाठी सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन निघा. कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते आणि पिशवीत मोडली तरी चव तीच. दही गावोगाव मिळतं. पाणी माणशी तीन लिटर, भरावावर चढण्यापूर्वी भरलेलं. साखर-मिठाची पुडी हवीच. जानेवारीतसुद्धा दुपारी तीस अंशांच्या आसपास तापतं आणि कोरड्या हवेत घाम आलेला कळत नाही. पंढरपुरात मंदिर समितीचं भक्तनिवास स्वच्छ आणि परवडणारं आहे. सायकल खोलीत घेऊ देतील का हे नोंदणी करतानाच विचारा. रस्त्यात भेटणाऱ्याला या पट्ट्यात ‘राम राम’ किंवा ‘रामकृष्ण हरी’ म्हटलं की पुढचं बोलणं आपोआप होतं. अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणतात, तुम्हालाही म्हणतील. मग पत्ता, पाणी, पंप, जे हवं ते मागा.

परतीला कुर्डुवाडी बरी. याच कुर्डुवाडीहून एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरला जायची, आता तिथे ब्रॉडगेज आहे. गाडीच्या दीड-दोन तास आधी स्टेशनात या आणि पार्सल ऑफिस गाठा. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये जाते, त्याची वेगळी पावती होते, आणि ती तुमच्याच गाडीला लागेल का हे त्या खिडकीवरच कळतं. ज्या गाड्या कुर्डुवाडीला दोन मिनिटंच थांबतात त्यांत सायकल चढवणं जमत नाही, जास्त वेळ थांबणारी गाडी आदल्या दिवशी विचारून ठेवा. पेडल काढा, हँडल आडवं वळवा, टायरमधली थोडी हवा सोडा, साखळीच्या बाजूला पुठ्ठा बांधा. नाव आणि उतरायचं स्टेशन जाड अक्षरात दोन ठिकाणी लिहा. पिशव्या, दिवा, पंप आणि बाटल्या मात्र स्वतःजवळ डब्यात.